मालक, मुद्रक, प्रकाशक आणि सतरंजी

गावाकडच्या साप्ताहिकात मी आधी शेवटच्या पानाचा तळ वाचतो. मुंगीएवढ्या अक्षरांत तिथे मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक असा चौघांचा उल्लेख असतो आणि चौघांचं नाव एकच असतं. पुढे लगेच, 'अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.' आतली सगळी मतं त्यानेच लिहिलेली! फेब्रुवारी सरला की मालकीचं निवेदन, म्हणजे 'फॉर्म ४', छापलेलं दिसतं. त्यात मुद्रक भारतीय, प्रकाशक भारतीय, संपादकही भारतीय. एकच माणूस तीनदा भारतीय असल्याचं जाहीर करतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडसारख्या गावात या चौघांना पाचवा येऊन मिळतो, तो म्हणजे स्वयंसेवक. पहिलं मराठी वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ साली ६ जानेवारीला निघालं, म्हणून त्या दिवशी पत्रकारांना शाल आणि नारळ. सहाच दिवसांनी जिजाऊ जयंती. जिजाऊंच्या जन्मगावी, सिंदखेडराजाच्या वाटेवर माणसांची रीघ लागते आणि आमचे शालवाले संपादक भाऊ गळ्यात कॅमेरा अडकवून पाण्याचे जग उचलत असतात. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना या वाटेला आली की पुन्हा तेच: सतरंज्या, चहा, पत्रावळ्या. मग रात्री स्वतःच्याच कार्यक्रमाची बातमी लिहायला बसायचं, तीही तृतीयपुरुषी. 'कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी अथक परिश्रम घेतले' याच्या आधीची नावांची यादी हा माझ्या मते अंकातला सर्वांत जबाबदारीचा मजकूर. अग्रलेख चुकला तर कुणाला कळत नाही. यादीतलं एक नाव सुटलं की सकाळी दारात माणूस उभा. "भाऊ, सतरंज्या काय आपोआप अंथरल्या गेल्या का?"

खेड्यातून पत्र चालवायचं हे वेड जुनं आहे. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केलं आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या तरवडी या खेड्यातून ते पन्नासहून अधिक वर्षं चालवलं. सावकार, भिक्षुकशाही, कुणाचीच गय केली नाही. शहरातल्या संपादकाला ज्याच्यावर लिहिलं तो माणूस सहसा भेटत नाही. खेड्यात तो पुढच्याच पंगतीला शेजारी बसतो आणि वाढप्याला सांगतो, "यांना मिरची वाढा." मुकुंदरावांच्या धैर्याची मोजदाद करताना या पंगती धरायला हव्यात.

आमच्या भाऊंची लेखणी तितकी धारदार नाही. रस्त्यातल्या खड्ड्यावर ते जोरात लिहितात, कारण खड्डा कुणाचा पाहुणा लागत नाही. मात्र निधनवार्ता त्यांनीच लिहावी. 'शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार' हे ते ऐकून लिहीत नाहीत. लाकडांची गाडी त्यांनीच सांगितलेली असते. घरी येऊन अंघोळ करायची, मग चार ओळी: मनमिळाऊ स्वभाव, मोठा आप्तपरिवार. मनमिळाऊ गृहस्थांची तीन वर्षांची वर्गणी थकली होती, एवढं तेवढं भाऊ वगळतात.