रा. रा. तीन टक्के यांस अनावृत पत्र

मु. रॉकव्हिल, मेरिलँड
जुलै २०२५

रा. रा. तीन टक्के यांस,

स. न. वि. वि.

१ जुलैपासून आपण संगणक-सेवांवरचा विक्रीकर म्हणून आमच्या बिलांवर मुक्कामाला आलात, त्याबद्दल मेरिलँडमधल्या तमाम छोट्या संगणकवाल्यांच्या वतीने आपले स्वागत. आपल्या घराण्यात जन्माला येणे सोपे, जगणे कठीण. आपले थोरले बंधू कै. सहा टक्के यांचेच पाहा. नोव्हेंबर २००७ मध्ये गव्हर्नर मार्टिन ओमॅली यांच्या विशेष अधिवेशनात ते ठरले आणि १ जुलै २००८ हा बारशाचा मुहूर्तही निघाला. संगणकवाल्यांनी राजधानी अॅनापोलिसमध्ये असा गलका केला, की बारशाआधीच, एप्रिलमध्ये, विधिमंडळाने त्यांना गुंडाळले आणि भरपाईसाठी वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त मिळवणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. मॅसॅच्युसेट्सचे आपले मावसभाऊ सव्वासहा टक्के निदान हा सूर्यप्रकाश पाहून गेले. ३१ जुलै २०१३ ला आले आणि सप्टेंबर संपायच्या आत गेले. गेले तेही असे, की ते कधी आलेच नव्हते असे कायद्याने ठरले.

आपण त्यांच्याहून चतुर. मोठ्या भावाची निम्मीच उंची घेऊन आलात, त्यामुळे ओरड झाली तरी लोकांना वाटते, तीनच तर आहेत.

आपल्या जन्माची कथाही मोठी बोधप्रद. राज्याच्या तिजोरीला तीन अब्ज डॉलरहून मोठे भोक पडले. मार्चमध्ये कोणीतरी सुचवले, धंदेवाईक एकमेकांकडून ज्या सेवा घेतात त्यांतल्या बऱ्याच सेवांवर अडीच टक्के लावू. त्या रांगेत हिशेबनीस होते, सल्लागार होते, आम्हीही होतो. सगळे एकदम ओरडले. मग रांग पांगली आणि बाकीचे आपापल्या घरी गेले. आमची मात्र निवड झाली आणि उरलेल्यांच्या वाटचा अर्धा टक्काही आमच्याच पदरात पडला. गव्हर्नर वेस मूर यांनी सही केली. वर्षाला जवळपास ५० कोटी डॉलर आपण मिळवून द्याल असा अंदाज आहे. कमावत्या मुलाचे घरात काय कौतुक असते, ते आम्हाला ठाऊक आहे.

एक शंका मात्र फिटत नाही. आपली ओळख पटवायची ती उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणाच्या आकड्यांवरून. ५४१५ म्हणजे संगणक प्रणालींची रचना आणि तत्सम कामे, तिथे आपण हजर. यंत्राची दुरुस्ती ८११२ मध्ये, तिथे आपण नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई बंद पडलेला लॅपटॉप घेऊन येतात. मी स्क्रू काढतो, पंखा बदलतो, पडदा बसवतो. या मेहनतीवर आपली सावली पडत नाही. त्याच टेबलावर, त्याच लॅपटॉपवर, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून सॉफ्टवेअर चढवायला घेतले, की आपण खुर्ची ओढून बसता. डॉक्टरीणबाई विचारतात, 'अहो, हे तीन टक्के कशाचे?' मी म्हणतो, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचे.

काही मित्र म्हणाले, पोटोमॅक नदी ओलांडून शेजारच्या व्हर्जिनियात दुकान टाकू. उगाच वणवण! आपण विकणाऱ्याचा पत्ता पाहत नाही, घेणाऱ्याचा पाहता. व्हर्जिनियातल्या बऱ्यापैकी धंदा करणाऱ्या दुकानानेही मेरिलँडच्या गिऱ्हाइकाकडून आपल्याला वसूल करायचेच. म्हणजे पळायचे असेल तर डॉक्टरीणबाईंनी पळायचे, खुर्ची, एक्स-रे आणि दात दुखणाऱ्या पेशंटांसकट.

त्या पळणार नाहीत. मुकाट्याने भरतील, कारण त्यांना दुसरा इलाज नाही. इथेच आपल्या चातुर्याला माझा खरा दंडवत. ज्या बड्या कंपनीच्या पदरी संगणकाचे आख्खे खाते आहे, तिथल्या नोकरदारांच्या पगारावर आपण बसत नाही. पगार म्हणजे विक्री नव्हे. केंद्र सरकार या राज्याचे सर्वांत दांडगे गिऱ्हाईक, पण त्याच्या बिलाला आपण हात लावू शकत नाही. सायबर सुरक्षेच्या आणि क्वांटम संगणनाच्या काही व्यवहारांपुढे आपण दाराबाहेरच चप्पल काढता. राहता राहिली ती बेकरी, ते ड्रायक्लीनर, तो पाच माणसांचा वकिली फड. ज्यांना संगणकाचा माणूस पगारावर ठेवणे परवडत नाही, म्हणूनच ते माझ्याकडे येतात, आणि नेमके त्याच वाटेवर आपण टोलनाका टाकलात.

पुण्याला माझा भाऊ हाच धंदा करतो. त्याच्या बिलावर अठरा टक्के जीएसटी असतो. तो मला हसला, 'तीनासाठी रडतोस?' मी म्हटले, बाबा रे, तुझे नोंदणीकृत गिऱ्हाईक ते अठरा आपल्या करातून वळते करून घेते. आमच्याकडे तशी सोय नाही. बेकरीवाल्याने मला दिलेले तीन टक्के त्याच्या खर्चात जिरतात आणि तिथून हळूच केकच्या किमतीत शिरतात. पुढे त्याने त्या केकबरोबर मेणबत्त्या विकल्या, तर त्यांवर नेहमीचे सहा टक्के आहेतच. आपण मात्र तोवर दिसेनासे झालेले असता. भाऊ गप्प झाला. मग त्याने त्याच्या जीएसटीच्या पोर्टलची कहाणी सुरू केली, ती इथे नको.

असो. आमच्या गिऱ्हाइकाची एक शाखा इथे आणि दुसरी डेलावेअरमध्ये असली, तर किती वापर कुठे झाला याचा दाखला घेऊन आपल्याला वाटून घेता येते म्हणतात. ते दाखले मी जमवतो आहे. त्यात जाणाऱ्या संध्याकाळींचे बिल कोणाच्या नावे काढू, एवढे कळवावे. या महिन्याचा भरणा २० ऑगस्टपर्यंत आहे. लोभ असावा, आणि वाढू नये.

आपला,
बिनपगारी वसुली कारकून

ता. क. हे पत्र दुकानाच्या वर्गणीतल्या सॉफ्टवेअरवर लिहिले, म्हणून तिथे आपण तीनच आहात. घरगुती वर्गणीवर लिहिले असते तर डिजिटल माल म्हणून सहा पडले असते. तेव्हा यापुढेही आपल्याला पत्र लिहायचे झाले, तर ते कामाच्या वेळातच लिहीन.