फिटिंगचे वेगळे पडतील

भंडाऱ्यात जा, तुमसरला जा, साकोलीत जा. दुकानात सायकल स्टँडवर ऐटीत उभी असते. विचारलेला भाव सायकलचा असतो. पैसे मोजायला काढले की स्टँड वेगळा होतो. मग कॅरिअर वेगळं, कुलूप वेगळं, घंटी वेगळी, चेनकव्हर ‘कंपनीचं का साधं?’ आणि एवढं सगळं वेगळं काढून झालं की ते पुन्हा बसवायचे म्हणून फिटिंगचे वेगळे. मोटारसायकल घेणाऱ्याला ‘मागचं चाक टाकायचं का?’ असं अजून कुणी विचारलेलं नाही. उलट त्याच्या गळ्यात हार, गाडीला नारळ, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी आणि फोटो. सायकल घेणाऱ्याला एकच वाक्य मिळतं, ‘जरा बाजूला घ्या, रस्ता अडतो.’ आणि ती वेगळ्या पैशांची घंटी तरी कशाची? पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावात ती प्लास्टिकची असते.

फिटिंग म्हणजे काय, हे एकदा उभं राहून बघावं. लुधियानाहून सायकल सुटी येते. फ्रेम निराळी, चाकं निराळी, हँडल कागदात गुंडाळलेलं. ती जोडून, ब्रेक लावून, चाकाचं आउट काढून चालती करून देणं हे खरं म्हणजे दुकानदाराचंच काम. जुने फिटर काळ्या सायकलीच्या तारा भरायलाच निवांत बसायचे. पुढच्या चाकाला ३२, मागच्याला ४०. मग चाक फिरवायचं, डोळा लावायचा, एकेक तार पिळायची. आता पाना फिरतो तेव्हा मोबाइल मान आणि खांद्याच्या मध्ये असतो, आणि बोलणं संपायच्या आत सायकल रेडी. उरलेले दोन नट फिटर खिशात टाकतो. ते कुठले होते, हे पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाला रस्त्यावर कळतं.

आमच्याकडे हा धंदा हलतो तो दोन पैशांवर. एक धानाचे चुकारे आणि दुसरे मानव विकासचे. चुकारे कधी येतील हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून ते सोडा. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. २०२२ साली ते ३,५०० वरून ५,००० रुपये झालं. आधी ३,५०० मुलीच्या खात्यात, आणि सायकल घेऊन पावती दाखवली की उरलेले १,५००. वाढीचा कागद मुंबईहून निघाला आणि एका दुकानात चाराच्या आसपास घुटमळणारी लेडीज सायकल चालत जाऊन पाचाच्या पंगतीत बसली. योगायोग असेल. पोलाद महागलं असेल. पोलादाचा कारखाना वरठीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे, एवढं मात्र जाता जाता सांगतो.

या दुकानात मुलीला पहिला प्रश्न असतो, ‘कोणत्या शाळेची?’ उंची किती, रस्ता डांबरी की पांदणीचा, हे नंतर, किंवा नाहीच. मोहाडीकडचा एक बाप दुपट्टा हातात घेऊन उभा होता. म्हणाला, ‘शेटजी, पोरगी आठवीत आहे जी. पाय टेकला पायजे.’ शेटजींनी कॅल्क्युलेटरवरची नजर न काढता सांगितलं, ‘वाढतं अंग आहे काका. पुढच्या वर्षी टेकते.’

तरी सरकारच्या हातून इथे नकळत एक चांगलं काम झालं. १,५०० रुपये पावतीला अडकवून ठेवल्यामुळे जिल्ह्यात हट्टानं पक्कं बिल मागणारं एक गिऱ्हाईक जन्माला आलं. वय तेरा-चौदा, दोन वेण्या, पाठीला दप्तर. तिचा बाप, तिचे मास्तर, कचेरीतले बाबू आणि हे सदर लिहिणारे विद्वान, आम्ही सगळे ‘बिल पाहिजे तर जीएसटी लागेल’ एवढं ऐकलं की माघार घेतो. वास्तविक छापील कमाल किमतीत सगळे कर आधीच धरलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ही बातमी घेऊन एका दुकानात गेलो, तर ‘हा जुना माल आहे’ असं कळलं. कर चढतो तेव्हा मात्र हाच माल एका रात्रीत नवा होतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो की बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरायचे. आता आपल्याकडची बिलं आठवा. तळाशी ठसठशीत छापलेलं असतं, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कबुलीजबाब स्वतःच्या खर्चानं छापायचा, वर लक्ष्मीचं चित्र टाकायचं आणि सही करून गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा, याला छाती लागते. जिल्हा ग्राहक आयोग भंडाऱ्यातच आहे. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या पैशाच्या तक्रारीला फी नाही. १९१५ वर फोन लावता येतो. पण पायडलच्या आट्या गेल्या म्हणून ऐन रोवणीत लाखांदूरहून तारखांना कोण येणार? हे दुकानदाराला कलमांपेक्षा पक्कं पाठ आहे. म्हणून तो गोड आवाजात सांगतो, ‘कंपनीला लिहा ना.’ ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तेव्हापासून काही काउंटरांवर सगळ्याच कंपन्या सोयीनुसार बंद असतात.

मग पितळ उघडं पडतं ते कडुनिंबाखाली, पानठेल्याच्या बाजूच्या मिस्त्रीकडे. एका मुलीच्या नव्या कोऱ्या सायकलचं मागचं चाक करकरत होतं. त्यानं ॲक्सल सोडला, छर्रे डिझेलच्या वाटीत टाकले, कटोरीतून बोट फिरवलं आणि ते मुलीच्या डोळ्यांसमोर धरलं. बोट कोरडं. ‘वंगनच नाही भरला जी. नट कसून देले, बस.’ मुलीनं ते बोट अशा नजरेनं पाहिलं की शेटजी समोर असते तर बिलासकट सायकल परत घेतली असती. नंतर त्यानं कटोरीत वंगण थापलं, छर्रे अंगठ्यानं एकेक दाबून बसवले, कोन आवळला, पुन्हा पाव फेरा सैल केला आणि चाक फिरवून दिलं. त्या पाव फेऱ्याचे पैसे खरं तर आधीच फिटिंगमध्ये भरलेले होते.

मिस्त्रीचाही फार उदोउदो नको. तो एकाच वेळी चार सायकली खोलून ठेवतो, म्हणजे चारही गिऱ्हाइकं पळून जात नाहीत. त्याचा अर्धा घंटा चहावर सुरू होतो आणि खर्ऱ्यावर संपतो. चेन कोरडी दिसली की तुमच्या सात पिढ्या काढतो, आणि बिल तर त्याच्या बापानंही कधी फाडलेलं नसतं. पण शाळेच्या पोरांकडून हवेचे पैसे घेत नाही, आणि दुसऱ्यांदा गेलात तर तुम्हाला ओळखायच्या आधी तुमची सायकल ओळखतो.

दुकानात खरी सेवा कुणाला मिळते, तेही बघून ठेवा. काचेमागच्या गिअरवाल्या सायकलीला हात लावला की शेटजी गादीवरून उठतात, ‘सर’ म्हणतात, पोऱ्याला पाणी आणायला पिटाळतात. ही सायकल मोटारीच्या टपावर बसून दुकानातून निघते, खांब तलावाला हवा खाऊन येते आणि पुढे बाल्कनीत तिच्या हँडलवर टॉवेल वाळतात. तिला सर्व्हिसिंग फुकट, वर घरी माणूस पाठवून. जी पावसाळ्यात बांध्यांच्या कडेनं, चिखलातून रोज शाळेत जाते, तिला मात्र ‘इथे घेऊन या, बघू.’ चाक फिरत नसलेली सायकल इथे आणायची कशी, हे विचारलं तर उत्तर मिळतं, टेम्पो करा.

परवा हवा भरायचा पंप घेतला. पैसे दिले आणि आवाजात शक्य तितका कायदा आणून बिल मागितलं. काउंटरवरच्या पोरानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘कायले जी? शाळेत लावाचं आहे का?’