एकदाच घेणारे आप्पा

आजऱ्याच्या बाजारात गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. एक भाव ऐकून "बाब्बो!" म्हणत पुढं सरकणारी. दुसरी घासाघीस करून, "ऱ्हाऊ द्या मग" म्हणत चार पावलं जाऊन, मागून हाक येते का याचा कानोसा घेणारी. आमच्या गल्लीतले आप्पा या दोन्हींत बसत नाहीत. ते भाव विचारतच नाहीत. वस्तू हातात घेतात, उलटीसुलटी करतात आणि चष्म्यावरून दुकानदाराकडं बघत एकच प्रश्न टाकतात, "ह्यापेक्षा चांगलं हाय काय?" दुकानदार त्याहून चांगलं काढतो. प्रश्न पुन्हा तोच. शेवटी दुकानदार माळ्यावर चढतो, धूळ झटकत एखादा खोका खाली आणतो आणि कोर्टात उभं असल्यागत सांगतो, "ह्याच्या वर कंपनी काढत न्हाई, आप्पा." मग आप्पा बसायला स्टूल मागतात. खरी तपासणी तिथून पुढं.

असं गिऱ्हाईक म्हणजे दारात चालत आलेली लक्ष्मी, असं परगावच्या माणसाला वाटेल. त्यानं आजऱ्यातल्या दुकानदारांना विचारावं. आप्पांनी एकदा छत्री नेली की पुढची पंधरा-वीस वर्षं ते छत्रीचं गिऱ्हाईक उरत नाहीत. दुकानात येतात, पण नुसतं सांगायला, की तुमची छत्री अजून हाय बरं का. तेही दुसरं कुणी नवी छत्री बघत उभं असताना. "असली धा गिऱ्हाइकं झाली तर कुलूप लावून मुंबई गाठाय लागंल," असं एक दुकानदार मला हळूच म्हणाला.

आप्पांची हयात ड्रायव्हरकीत गेली. संकेश्वरहून आजऱ्यावरून आंबोली, तिथून घाट उतरून सावंतवाडी. कुठला नट ढिला होतो, कुठला पट्टा तुटतो आणि तो नेमका गावात न तुटता घाटात, धुक्यात आणि पावसातच का तुटतो, यावर त्यांनी जन्मभर चिंतन केलंय. त्या चिंतनातून निघालेला सिद्धान्त ते कुणालाही, न विचारता, पारावर उभं करून सांगतात. "ज्याचा दगा उशिरा कळतो, तिथं पैसा बघू नको. ज्याचा दगा हातात घेताच कळतो, तिथं पैसा सोडू नको."

म्हणजे बादली. बादली चिरलेली असली तर नळाखाली धरताच कळतं, म्हणून बादली स्वस्तातली चालते. छत्रीचं तसं नाही. दुकानात सगळ्याच छत्र्या छत्र्या असतात. त्यांतली खरी कुठली, हे आंबोलीवरून वारा सुटला की भर रस्त्यात कळतं, आणि तेव्हा तिची पावती घरी डब्यात असते. म्हणून आप्पा छत्री घेतात तेव्हा दुकानातलं काम थांबतं. आधी ती उघडून उलटी धरायची. मग काड्या मोजायच्या, एकेक काडी बोटानं वाकवून सोडायची. काडीच्या टोकाशी कापडाला दोरा एकेरी घातलाय की दुहेरी, ते बघायचं. कापड उजेडासमोर धरायचं. खटका दहा वेळा दाबायचा, अकराव्यांदा दुकानदाराला दाबायला लावायचा. आणि शेवटी, "तांब्याभर पाणी आण जरा."

चपलांचंही तसंच. आप्पा कापशी घालतात आणि ती बांधणाऱ्या कारागिराकडं स्वतः जातात. कातडं कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरलाय ना, शिवण कातड्याच्याच वादीची आहे ना, कुठं खिळा तर मारला नाही ना, अशी उलटतपासणी होते. नवी चप्पल आठवडाभर चावते. आप्पा तिला रात्री तेल पाजतात आणि सकाळी लंगडत, पण समाधानानं, चहाला निघतात. २०१८ च्या अखेरीस कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमाप्रश्नाचा एवढाच काय तो निकाल लागला आणि तोही पायात, असं आप्पांचं मत. पुढं २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला उतरवल्या. त्यांची किंमत लाखावर असल्याच्या बातम्या आल्या. सगळी गल्ली खवळली होती. आप्पांनी पेपर शांतपणे वाचला आणि विचारलं, "टाच झिजल्यावर बदलून देत्यात काय?" कुणाला सांगता येईना. "मग नुसती म्हाग हाय. चांगली न्हवं."

महाग आणि चांगलं यांतला हा फरक आप्पांच्या सिद्धान्ताचा गाभा आहे आणि तो बघायचा तर त्यांच्याबरोबर काजू घ्यायला जावं. आजऱ्यात काजू प्रक्रियेचे कारखाने बरेच, त्यामुळं काजूगराची प्रतवारी इथं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. डब्ल्यू १८० म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त १८० गर बसतील एवढा टपोरा, डब्ल्यू ३२० म्हणजे ३२० बसतील एवढा बारका. आकडा लहान तसा भाव मोठा. अख्ख्या गराहून पाकळी स्वस्त आणि तुकडा त्याहून स्वस्त. इथं मात्र आप्पा सरळ तुकड्याच्या पोत्याकडं वळतात. पाहुण्यानं एकदा विचारलं, "आप्पा, तुम्ही आणि तुकडा?" "वाटणात घालायचाय. अख्खा काजू काय मिक्सरला दाखवायचाय?" दाम आकाराचा, चव तीच. ज्याचा गुण डोळ्यांना लगेच दिसतो, त्यासाठी ते एक छदामही वर देत नाहीत. अख्खा आजरा त्यांना उधळ्या समजतो. माझ्या मते गावात इतका चिकट माणूस दुसरा नाही. फक्त त्यांचा चिकटपणा वीस वर्षांचा हिशोब एकदम मांडतो.

या सिद्धान्ताची खरी कसोटी घनसाळाला लागते. आजरा घनसाळ हा आखूड दाण्याचा, वासाचा तांदूळ. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हेच बियाणं दुसऱ्या मुलखात नेऊन पेरलं तर हा वास येत नाही, असं इथले शेतकरी सांगतात. ती करामत इथल्या मातीची आणि हवेची. पण पिकवणाऱ्याच्या अंगाला घाम आणणारं हे वाण आहे. ते उशिरा तयार होतं, ताट उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं आणि उताराही कमी. साहजिकच कित्येकांनी इंद्रायणी धरली. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेलं हे वाण गुणी आहे, मवाळ आहे आणि पोतं भरतं. घनसाळाचा भाव मात्र चढाच राहिला, आणि भाव चढा म्हटल्यावर पिशवीवर 'घनसाळ' लिहायला शाईच लागते.

आता हा दगा कधी कळतो? शिजल्यावर. तोवर दुकानदार जेवून झोपलेला असतो. म्हणून आप्पा आधी चार दाणे तळहातावर चोळून हुंगतात, दोन दाताखाली धरतात आणि मूठभर तांदूळ रुमालात बांधून घरी नेतात. काकू तो शिजवतात. तासाभरानं आप्पा डबा घेऊन दुकानात हजर. झाकण उघडलं की वास दुकानभर पसरला पाहिजे. पसरला, तर पोतं. नाही पसरला, तर आप्पा काही बोलत नाहीत. डबा दुकानदाराच्या पुढ्यात ठेवतात आणि म्हणतात, "जेव." त्याच्या घशाखाली तो सुका भात उतरेपर्यंत समोर बसून राहतात. या शिक्षेच्या धास्तीनं दोघा-तिघांनी घनसाळात दुसरं काही मिसळणं सोडल्याचं गल्लीत बोललं जातं.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मालाचा खरा गुण विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. मग घेणारा भीतभीत मधलाच भाव देतो, त्या भावात चांगला माल परवडत नाही, तो बाजारातून उठतो आणि वाईट माल तेवढा उरतो. मानांकनाची, शिक्क्याची, हमीची गरज लागते ती इथं. अकरलॉफला २००१ साली इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. आप्पांना अजून कुणी साधा शाल-नारळ दिलेला नाही.

घरात मात्र हा सिद्धान्त थोडा अडखळतो. गॅसची नळी आणताना आप्पांनी आयएसआय शिक्का बघून, सगळ्यांत भारी नळी आणली आणि सवयीनं जाहीर केलं, "आता जन्माची चिंता मिटली." काकूंनी नळीवर छापलेली तारीख वाचून दाखवली. पाच वर्षांनी बदलायची. चांगली असली तरी बदलायची! एकदाच घेण्याच्या तत्त्वाला एवढा मोठा तडा कधी गेला नव्हता. दोन दिवस आप्पा स्वयंपाकघरात फिरकले नाहीत. मी काकूंना म्हटलं, "आप्पांची पारख मोठी." त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मला बघाय आलं तवा ह्येंनी दुसरं स्थळ बघितलंच न्हाई. ह्यापेक्षा चांगलं हाय काय, म्हणून मीच इचारायचं ऱ्हायलो."

पण आप्पांना खरं निरुत्तर केलं ते मजुरीला जाणाऱ्या एका आक्कानं. तिची स्वस्तातली छत्री उलटी झालेली बघून आप्पांनी तिला पारावर थांबवलं आणि हिशोब मांडला. दरसाल एक छत्री, वीस वर्षांत वीस छत्र्या, त्यापेक्षा एकदाच... आक्कानं सगळं ऐकून घेतलं. "आप्पा, तुमचं एकदाच घ्यायचं खरं हाय. पर एकदाच घ्यायला पैसं बी एकदमच लागत्यात. आमची मजुरी आठवड्याला येती, छत्री बी आठवड्याच्या पैशातलीच येती."

आप्पा त्या दिवशी चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी छत्रीवाल्याकडं गेले आणि आक्काला जामीन राहिले. छत्री माळ्यावरची, पैसे हप्त्यानं. ही बातमी फुटली आणि पाऊस लागायच्या आत आणखी तीन घरांना ते जामीन झाले. दुकानदाराला प्रथमच आप्पांचं येणं मानवलं. मग आक्काची छत्री तिची सून गाडीत विसरून आली. दोन हप्ते बाकी होते. छत्री मोडत नाही, पण हरवते, ही गोष्ट सिद्धान्तात कुठंच नव्हती. आप्पांनी ते हप्ते भरले, तशीच दुसरी छत्री दिली आणि उत्तम प्रतीचा पांढरा ऑइलपेंट आणून सगळ्या छत्र्यांवर नाव घातलं. जामीन कोण, हे सापडणाऱ्याला कळावं म्हणून नाव अर्थातच स्वतःचं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी रवळनाथाच्या देवळाबाहेर, आप्पांची स्वतःची धरून, या पाचही छत्र्या एका कोपऱ्यात टेकलेल्या होत्या. आरती संपली, आत पाऊस ऐकू येत होता, माणसं घाईनं निघाली. आप्पा बाहेर आले तेव्हा त्यांच्या नावाच्या पाचही छत्र्या गेलेल्या. उरली होती बाजारात फडक्यावर मांडून विकतात तसली एक, बिननावाची, लाल फुलांची. बराच वेळ वाट बघून आप्पा ती उघडून घरी आले.

त्यांची वीस वर्षांची छत्री अजून परत आलेली नाही. चांगली वस्तू कोण परत करतो? फुलाफुलांची छत्री मात्र दुसरा पावसाळा संपत आला तरी मोडायचं नाव घेत नाही. आप्पा रोज रात्री तिची काडी न् काडी वाकवून बघतात, खटका दाबतात, दोरा तपासतात. कुणी "चांगली निघाली की, आप्पा" म्हटलं की सावधपणे मान हलवतात.

"इतक्यात बोलू नगा. ह्येचा दगा उशिरा कळतोय."