खाट नंबर चौदा-खाली

सरकारी दवाखान्यात सिस्टर कमी आहेत ही निव्वळ ओरड आहे, असं साहेबांनी पुन्हा एकदा सांगून टाकलं. वॉर्डात मंजूर खाटा ३०, निकष ५ खाटांमागे एक नर्स, ३० भागिले ५ म्हणजे ६. सहा पदं मंजूर आहेत. गणित सुटलं, चहा आला.

या गणितात पेशंट कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मोजायची ती खाट. खाट गुणी असते. तिला ताप येत नाही, रात्री दोन वाजता ती ‘सिस्टर, सलाइन संपलं’ म्हणून ओरडत नाही, आणि मुख्य म्हणजे ३०ची ३१ होत नाही. पेशंटला ही शिस्त नाही. पावसाळा लागला, डेंग्यू आला, की तो कुठल्याही मंजुरीविना येऊन उभा राहतो. परत पाठवता येत नाही, म्हणून दोन खाटांच्या मधे गादी पडते आणि केसपेपरवर नंबर चढतो: चौदा-खाली.

या चौदा-खालीवर माझा फार जीव आहे. त्याला ताप आहे, हाताला कॅन्युला आहे, उशाशी डबा घेऊन बसलेली बायको आहे. फक्त हिशेबात तो नाही. खाटेवरच्या चौदाला एक पंचमांश सिस्टर मंजूर आहे, खालच्या चौदाला शून्य. सलाइन मात्र दोघांना लागतं आणि खालच्याचं लावायला सिस्टरला फरशीवर गुडघे टेकावे लागतात. साहेब म्हणतील, त्यात एक फायदाही आहे, खालचा पेशंट खाटेवरून पडत नाही. बाळंतिणींच्या वॉर्डात तर या गणिताला कळस चढतो. खाट एक, बाई एक, आणि तिच्या कुशीत काल जन्मलेलं बाळ. बाळाला स्वतःची खाट नाही, सबब ते पेशंट नाही. ते अंगावर पितंय का, निळं पडतंय का, नाळेतून रक्त येतंय का, हे सिस्टरनं फावल्या वेळात बघायचं. जुळं झालं तर फावला वेळ दुप्पट काढायचा. आणि बाळंतीण जर चौदा-खालीवर असेल, तर आई आणि मूल दोघंही हिशेबाबाहेर. म्हणजे त्या गादीवर कुणीही नाही, आणि ते कुणीही नसलेलं रात्रभर रडतंय.

बरं, त्या सहा जणी तरी कुठे आहेत? दिवसाच्या पाळ्या तीन, म्हणजे पाळीला दोघी. त्यातून आठवड्याची सुट्टी, नाइटनंतरचा ऑफ, एखादी स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर. रजेसाठी ३० टक्के माणसं जास्तीची ठेवा, असंही निकषातच लिहिलंय, पण बहुधा ते पान उलटल्यावर येतं. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाला तर निकष ३ खाटांमागे एक असा आहे. तो वाचून सिस्टर हसतात. रात्री उरते एक. तिच्याकडे ३० वरचे, २० खालचे, शिवाय इंडेंट, स्टॉक रजिस्टर आणि बेडशीटची मोजदाद. बेडशीट काटेकोर मोजावी लागते. एक कमी भरली तर जाब तिलाच.

पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तिथे त्यांनी ४ पेशंटपासून ८ पेशंटपर्यंत तुलना केली. आपली नाइट ड्यूटी ८ वर सुरूही होत नाही. कॅलिफोर्नियात २००४ पासून प्रमाणाचा कायदाच लागू आहे. आज तिथे साध्या वॉर्डात एका नर्सकडे ५ पेशंट, आयसीयूत २, त्यापुढे नाही, आणि नर्स जेवायला गेली तरी प्रमाण मोडता येत नाही. आपल्याकडे ती जेवायलाच जात नाही, त्यामुळे तो प्रश्न आपण आधीच सोडवलाय.

१२ मेला, परिचारिका दिनाला, सिस्टरला गुलाबाचं फूल मिळतं. भाषणात तिला माउली म्हणतात. का म्हणणार नाहीत? माउलीला ड्यूटीचे तास नसतात, तिच्या जोडीला दुसरी माउली भरावी लागत नाही, आणि ती अकरा महिन्यांच्या कंत्राटावरही चालते. पण एखाद्या पहाटे चुकीचं इंजेक्शन गेलं की माउलीची ‘संबंधित अधिपरिचारिका’ होते. रिकामं पद भरायला वर्षं लागतात, निलंबनाला एक दुपार पुरते. चौकशी समिती विचारते, औषध देताना तुमचं लक्ष कुठे होतं? पन्नास ठिकाणी होतं, साहेब! तुम्हीच ठेवलं होतंत! त्यातल्या वीस ठिकाणांना तर तुमच्या कागदावर नंबरही नाही, आणि कोणाकडे आधी बघायचं हे पहाटे चार वाजता तिनं एकटीनं ठरवायचं. हसतमुख कसं राहावं याचं ट्रेनिंग तुम्ही तिला दिलंत, तेव्हाही वॉर्डात तिच्या जागी दुसरी दिली नव्हती.

तेव्हा वाचकहो, घरचं माणूस वॉर्डात भरती असेल आणि सिस्टर येत नाही म्हणून डोकं तापलं असेल, तर आवाज चढवण्याआधी वॉर्डातली माणसं मोजा. गाद्यांवरची धरा, बाळंही धरा. मग तक्रारवहीत सिस्टरचं नाव न लिहिता तो आकडा लिहा, आणि खाली सही करून तारीख व वेळ घाला.