घोडा कोणी काढायचा?

लेखकाने लिहिलं, 'वरातीला सगळा गाव लोटला,' आणि तो चहा प्यायला गेला. आता हे वाक्य अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका वन बीएचकेतल्या बंदिस्त केलेल्या बाल्कनीत येऊन पडलं आहे. तिथे टेबल आहे, टेबलाशी एक बाई आहेत, आणि त्या मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतात. सगळा गाव म्हणजे नेमकं कोण कोण, हे आता त्यांनी ठरवायचं. बँडवाले किती, त्यांच्या डगल्यांना झालर लाल की सोनेरी, मानपानावरून रुसलेले काका कोणत्या कोपऱ्यात, वरातीत घुसलेलं कुत्रं कोणाचं. आणि या सगळ्यांच्या मधोमध घोडा.

घोडा हा चित्रकारांचा जुना वैरी. त्याचे मागचे गुडघे नक्की कुठल्या दिशेला वाकतात, हे घोड्याला सोडून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. मॉरिस सेंडॅक या अमेरिकी चित्रकाराने रानटी घोड्यांच्या देशाची गोष्ट करायला घेतली होती. काढायला बसल्यावर लक्षात आलं, की आपल्याला घोडे काही जमत नाहीत. मग घोडे गेले आणि त्यांच्या जागी अक्राळविक्राळ प्राणी आले. त्यांचे चेहरे सेंडॅकने लहानपणी घरी येऊन गाल ओढणाऱ्या आपल्याच नातेवाइकांवरून घेतले. १९६३ साली आलेलं ते 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' जगभर गाजलं. मरोळच्या बाईंना ही सोय नाही. मराठी नवरदेव राक्षसावर बसून निघालेला लेखकालाही चालत नाही आणि मुलीकडच्यांना तर नाहीच.

बरं, घोडा काढला तरी तो मावायला हवा. छापखान्यात मोठा कागद घडी घालून फर्मा तयार होतो, साधारण आठ किंवा सोळा पानांचा. म्हणून चित्रपुस्तकं बहुधा चोवीस किंवा बत्तीस पानांची असतात. लेखकाला तेहेतिसाव्या पानावर कितीही सुंदर शेवट सुचला, तरी तो कागदाला सुचलेला नसतो. वरातीसारखं मोठं चित्र दोन समोरासमोरच्या पानांवर पसरतं आणि त्याच्या बरोबर मधून शिलाई जाते. नवरदेवाचं नाक शिलाईत गेलं की मंगलाष्टकं संपली. दोन पानांवरचे अर्धे घोडे छपाईत वरखाली झाले, तर घोड्याचा गोखले पूल होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीचा नवा गोखले पूल उघडला, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा पाच-सहा फूट उंच निघाला. नंतर जॅक लावून बर्फीवाला उचलून जोडून घेतला. छापून झालेल्या घोड्याला जॅक लावता येत नाही.

रफ चित्रं गेली की संपादकांचा फोन येतो.

"मॅडम, सगळं छान झालंय. फक्त ती आजी आजीसारखी वाटत नाही."

बाईंनी आपल्या सोसायटीतली आजी काढलेली असते. बॉबकट, पायात स्पोर्ट्स शूज, पहाटे तीन फेऱ्या, आणि मेट्रोच्या गर्दीत कोपराने वाट काढण्यात पटाईत. संपादकांना हवा असतो अंबाडा, नऊवारी आणि नाकावर घसरलेला चष्मा. शेवटी तडजोड होते. आजीला अंबाडा येतो, शूज राहतात.

माधुरी पुरंदरे यांना हा फोन आपल्याच घरातून आपल्यालाच करावा लागत असणार, कारण त्यांच्या बऱ्याच पुस्तकांत लेखिका आणि चित्रकार एकच. 'राधाचं घर' मालिकेतली माणसं रोज दार उघडल्यावर दिसतात तशी दिसतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार मिळाला.

सोसायटीत बाईंच्या कामाबद्दल आदर आहे, पण तो साधारण भाद्रपदापुरता. मखरामागचा हिमालय दरवर्षी त्यांच्याकडे. एरवी लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण सांगतो, की शाळेत असताना त्यालाही चित्रकलेच्या इंटरमिजिएटला बी ग्रेड होती. महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी तांब्या आणि वांगं काढू शकणारी पिढ्यान्‌पिढ्यांची फौज उभी केली आहे आणि तिच्या मते पुढचं सगळं सोपं असतं. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा तर मोबाइलवर मिनिटात हत्ती करून दाखवतो. हत्ती झकास असतो. पुढच्या पानासाठी तोच हत्ती मागितला, की त्याचा चुलत भाऊ येतो. एकच हत्ती चोवीस पानं एकच ठेवायचा, रडला, पडला, पाठमोरा झाला तरी मुलाने त्याला ओळखायचं, यात चित्रकाराचं खरं कसब असतं.

हत्ती ओळखला जातो. काढणारा मात्र नाही.

अमर चित्र कथा आणि टिंकलचंच घ्या. या प्रकाशनाच्या अलीकडच्या पुस्तकांवर पत्ता असतो मरोळ-मरोशी रोड, अंधेरी पूर्व, म्हणजे बाईंच्या रिक्षाच्या वाटेवरचाच. टिंकलमधला सुपंडी कोणाला माहीत नाही? धन्याची आज्ञा शब्दशः पाळून घराचा सत्यानाश करणारा तो नोकर १९८३ पासून मुलांना हसवतो आहे. त्याला चेहरा दिला राम वाईरकरांनी. अमर चित्र कथेच्या 'कृष्ण' या अंकाची चित्रंही त्यांचीच. त्यांच्या पश्चात सुपंडी त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर काढू लागल्या. नोकर एकच, घराणं दुसऱ्या पिढीत. वाघ पाहून पळणाऱ्या शिकारी शंभूचे डोळे टोपीखाली कायमचे झाकून ठेवले वसंत हळबे यांनी, आणि कालिया कावळा आला प्रदीप साठे यांच्या हातून. म्हणजे केरळपासून काश्मीरपर्यंतची मुलं ज्यांच्यावर पोट धरून हसली, ते वाईरकर, हळबे, साठे. त्यांची नावं विचारा, कोणी सांगणार नाही. सुपंडीला विचारलंत तर तो निदान काहीतरी चुकीचं उत्तर देईल.

पैशांचं गणित आणखी गमतीचं. लेखकाला प्रत्येक आवृत्तीमागे रॉयल्टी मिळण्याची रीत आहे. चित्रकाराच्या हातावर बहुतेकदा एकदाच ठोक रक्कम पडते. पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघोत, तो घोडा एकदाच विकला गेला. वाचता न येणारं मूल पुस्तक चित्रांवरूनच वाचतं, पण मानधन ठरवताना त्या मुलाला कोणी बोलावत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक उघडलंत, की आधी दोन्ही नावं मोठ्याने वाचा, लेखकाचं आणि चित्रकाराचं. चित्रकाराचं मुखपृष्ठावर नसेल तर आत शोधा. आतही सापडलं नाही, तर प्रकाशकाला सरळ पत्र टाका. त्याचा पत्ता मात्र पुस्तकात हमखास छापलेला असतो.