दाजींचा कोरडा कॅमेरा

आमच्याकडे कुणी नवे बूट घेतले की संध्याकाळच्या आत सांगलीहून दाजींचा फोन येतो. बूट केवढ्याला पडले, चावतात का, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. "पुडी टाकली नाहीस ना?" एवढंच. खोक्याच्या कोपऱ्यात 'खाऊ नका' असं बजावणारी सिलिका जेलची पुडी असते, ती. बूट, पर्स, पाण्याची बाटली, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, जिथे पुडी तिथे दाजींचा वारसाहक्क.

हे सगळं एका कॅमेऱ्यासाठी. २०१२ साली दाजींनी डीएसएलआर घेतला, १८-५५ च्या लेन्ससकट. लेन्सवर यूव्ही फिल्टर, फिल्टरवर टोपण, टोपणाला दोरी, पडद्यावर प्लास्टिक, वर बॅग आणि बॅगेला रेनकोट. स्वतः दाजी पावसात डोक्यावर रुमाल टाकून फिरतात.

जेजुरीला आम्ही सगळे हळदीत न्हालो. दाजी मात्र कॅमेरा पिशवीत गुंडाळून, वर रबरबँड लावून, भंडाऱ्याकडे पाठ करून उभे. "अहो, फोटो?" ताईने विचारलं. "भंडारा खाली बसू दे. बारीक पूड असते, झूममध्ये गेली की संपलं." भंडारा खाली बसला तेव्हा माणसं बसमध्ये बसली होती.

गुहागरला वाळूची भीती होतीच, त्यात एसीची भर पडली. थंड खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की काचेवर बाष्प धरतं, हे खरं आहे. म्हणून बंद पिशवीतच त्याला बाहेरच्या हवेची सवय करायची. आम्ही किनाऱ्यावर ताटकळत उभे, दाजी पिशवीला हात लावून पाहतायत, "अजून गार आहे." समुद्र आमच्यासाठी थांबला असता, सूर्य थांबला नाही.

आता गंमत बघा. इतकं जपूनही दुसऱ्याच पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी आली. काचेच्या आत कोळिष्टकासारख्या पांढऱ्या तारा. दुरुस्तीवाल्याने लेन्स उजेडात धरली आणि विचारलं, "काका, हा बाहेर कधी काढता?" दमट हवा, अंधार आणि बंद बॅग, बुरशीला आणखी काय हवं? वापरातल्या कॅमेऱ्याला उजेड मिळतो, वारा मिळतो. दाजींनी त्यातून एवढंच घेतलं, की पुड्या कमी पडल्या.

मग ताईचा फराळाचा हवाबंद डबा गेला. त्यात कॅमेरा, पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये पाहिजे. त्या दिवाळीत चिवडा सादळला, कॅमेरा कुरकुरीत राहिला. पुढे दाजींनी सुटे निळे दाणेही आणले. ते ओल पिऊन गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे. त्यासाठी त्यांनी पोह्यांची कढई घेतली, तेव्हा मात्र ताईने आवाज चढवला. बरोबरच होतं तिचं; तो निळा रंग कोबाल्टचा, स्वयंपाकाच्या भांड्याजवळ फिरकू नये. (कढई आता दाजींची आहे.)

दरम्यान घरातले सगळे फोटो भाचीच्या मोबाइलवर. तो दोनदा आमटीत पडलाय, काच तडकलेली आहे.

माझ्या मनातून हा माणूस कायमचा बाद झाला असता, पण मधे ऑगस्ट २०१९ आला. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं. दाजी तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे डबा सुखरूप. पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरच्यांनी गाद्या, धान्य, कपाटं रस्त्यावर आणून टाकली. समोरच्या काकू लग्नाचा अल्बम कचऱ्याच्या ट्रॉलीत टाकायला निघाल्या होत्या. चिखलाने त्याची वीट झाली होती. दाजी जिन्यावरून ओरडले, "काकू, टाकू नका! आणि ओढूही नका!"

चिकटलेले फोटो वाळले की एकमेकांची कातडी सोलतात. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सोडवावे लागतात. ओल या विषयात त्यांची एवढी तयारी झाली होती, ती शेवटी इथे कामी आली. टँकरचं पाणी बादल्यांतून वर चढवलं. एकेक फोटो सोडवून, चेहरा वर करून, गच्चीत मच्छरदाणीवर पसरला. काहींच्या कडांचा रंग पाण्यात विरघळला होता, काहींतून नवरा गेला होता, नुसती नवरी उरली होती. आणि जे उरलं त्याचे, पुन्हा काही होण्याआधी, दाजी फोटो काढत होते. त्या कॅमेऱ्याने. चकाकी येते म्हणून फिल्टरही काढलेला, बोटांना गाळ, तोच गाळ शटरच्या बटणावर. टोपण कुठे गेलं हे त्यांनी विचारलंही नाही. पंधराएक दिवस गल्लीतली लग्नं, मुंजी, बारशी त्या गच्चीतून गेली. पैसे देऊ केले तर म्हणाले, "पुड्या असल्या तर द्या."

तेव्हा वाटलं, चला, कॅमेरा सुटला एकदाचा.

मागच्या श्रावणात भाचीच्या मुलीचं बारसं झालं. घरातच, चार भिंतींच्या आत, पंख्याखाली. दाजींनी डबा उघडला नाही. हवा दमट आहे म्हणाले.