चोवीस औंसांचा माणूस

लोकरनाथाला हरणाची शिकार करायची असते, असा त्याच्या बायकोचा समज आहे. दर नोव्हेंबरात नवरा बंदूक गाडीत टाकून उत्तरेकडच्या जंगलात जातो म्हटल्यावर बिचारीने दुसरं समजावं तरी काय? पण ऑफिसात मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो. जेवणाच्या सुट्टीत तो कशाचे फोटो मोठे करून बघतो आणि फोनवर कुठल्या दुकानदाराशी हुज्जत घालतो, हे मला ठाऊक आहे. त्याला हवी आहे ती पँट. लोकरीची, एकच, आणि सगळ्या हवामानाला पुरून उरणारी.

'लोकरनाथ' हे नाव माझ्या बायकोने ठेवलेलं. तो पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा ताटाकडे बघायच्या आधी त्याने खुर्चीवर पडलेली शाल उचलली, दोन बोटांत चुरली, दिव्यासमोर धरली आणि "ह्यात अ‍ॅक्रिलिक आहे" असं जाहीर केलं. शाल सासूबाईंनी 'अस्सल काश्मिरी' म्हणून दिली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात तो नाथपंथी झाला आणि शाल कपाटात गेली.

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो उघडतो आणि राज्यातली पाच लाखांहून अधिक माणसं झाडाझुडपांत जाऊन बसतात. त्या सोमवारी मिलवॉकीतल्या ऑफिसात मीटिंग ठेवणारा मॅनेजर एक तर परराज्यातला असतो किंवा शाकाहारी. शिकाऱ्यांनी एकमेकांनाच हरीण समजू नये म्हणून सरकारचा नियम आहे: कमरेच्या वरच्या कपड्यांचा निदान अर्धा भाग झगझगीत नारिंगी हवा. २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. कमरेच्या खाली काय घालावं, याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. लोकरनाथाच्या आयुष्यातलं सगळं नाट्य कायद्याने मोकळ्या सोडलेल्या या अर्ध्या देहावर घडतं.

लोकरीबद्दल तो जे सांगतो ते खरं असतं, हीच तर पंचाईत. थापा मारत असता तर हसून सोडून देता आलं असतं. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. ओल पिताना वर थोडी ऊबही सोडतो. तंतू जात्याच कुरळा, म्हणून कापडात हवा अडकून राहते. नायलॉनच्या पँटीने झुडपातून गेलं की सळसळ होते आणि हरणाचे कान वळतात, लोकर मात्र मुकी. शेकोटीची ठिणगी उडाली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, लोकर जराशी करपते आणि विझते. हे सगळं ऐकून होईपर्यंत लिफ्ट तुमचा मजला सोडून वर गेलेली असते.

मग एवढी गुणाची चीज आहे, तर एक पँट घेऊन मोकळं व्हावं की नाही? इथे औंस आडवे येतात. लोकरी कापडाची जाडी औंसांत सांगतात, म्हणजे एका वाराचं वजन. १६-१८ औंसांचं कापड चालणाऱ्याचं, २४ औंसांचं बसणाऱ्याचं. "२४ औंस म्हणजे अख्ख्या पँटीचं वजन ना?" असं एका दुकानातल्या पोराने विचारलं होतं. लोकरनाथाने त्याला काउंटरवर वार मोजून दाखवला, तराजू मागवला, आणि मागे रांग असताना शिकवणी पूर्ण केली. तो पोरगा आता बुटांच्या विभागात असतो.

पण शिकारी माणूस आधी चालतो आणि मग बसतो. पहाटेच्या अंधारात अर्धा मैल बर्फ तुडवत मचाण गाठायचं आणि मग झाडावर चार-चार तास दगड होऊन राहायचं. जड पँट घालून चाललं तर घाम फुटतो, आणि घामेजल्या अंगाने बसलं की दातावर दात. हलकी घालून चालताना स्वर्ग, बसल्यावर गुडघ्यांत बर्फ. शिवाय वारा. लोकर ओलीला दाद देत नाही, पण वाऱ्याला दार उघडंच ठेवते. म्हणून अस्तर लावा, अस्तर आलं की पुन्हा वजन. त्यात नोव्हेंबरअखेरीचा एखादा दिवस असा की पहाटे पारा शून्याखाली दहा, नऊला ऊन, अकराला बर्फमिश्रित पाऊस आणि दुपारी नुसता चिखल. पूर्ण भिजलेली २४ औंसांची पँट माणसाला जमिनीच्या दिशेने ओढू लागते.

"हवामानं दोन असतात," लोकरनाथ म्हणतो, "एक आभाळातलं, एक पँटीतलं. पहिलं टीव्हीवर सांगतात."

त्याचा शिंपीपणाही ऐकण्यासारखा आहे. कंबर एक माप मोठी हवी, आत थर्मल घालायचा असतो. आसन उंच हवं, वाकल्यावर कमरेला वारा लागता कामा नये. पट्टा वर्ज्य, कारण पट्ट्याने पोटाशी हवेची वाट बंद होते. गॅलिस हवेत आणि तेही चिमट्याचे नकोत, बटणांचे. खालची कड दुमडलेली नको, दुमडीत बर्फ साठतो. जुने लाकूडतोडे पँट बुटाच्या उंचीवर सरळ कापून टाकत, कड न शिवता, म्हणजे फांदीत अडकली तर कापड फाटेल, माणूस आडवा होणार नाही. लोकरनाथाने एकदा दोनशे डॉलरची कोरी पँट अशी कात्रीने कापली. तो प्रसंग सांगताना त्याची बायको अजूनही खुर्चीचा हात धरते.

या पँटींतही पंथ आहेत. सिअ‍ॅटलच्या फिल्सनचे अनुयायी सगळ्यांत कडवे. १८९७ साली क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावत सुटलेल्यांना गरम कपडे विकायला ते दुकान निघालं. सोनं कुणाला फारसं मिळालं नाही, पण पँट मिळाली, असं हे अनुयायी समाधानाने सांगतात. व्हरमाँटच्या जॉन्सन वूलन मिल्सचं मूळ १८४२ चं. त्यांचे भक्त बोलत नाहीत, नुसते तुमच्या पँटीकडे बघतात. पेनसिल्व्हेनियाची वूलरिच तर १८३० ची. २०१८ मध्ये तिथली जुनी गिरणी बंद झाली, तेव्हा लोकरनाथाने रीतसर सुतक पाळलं. आठवडाभर काळ्या-तांबड्या चौकड्यांची पँट घालून ऑफिसात आला, आणि आमच्या एचआरवाल्या बाईंनी 'घरी कुणी गेलं का?' म्हणून मला हळूच विचारलं. शिवाय लष्कराच्या जुन्या मालाचे उपासक आहेतच. त्यांची पँट स्वस्त, चिवट, आणि कंबर नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी.

लोकरनाथ यांतल्या कुठल्याच पंथाचा नाही. त्याच्या तळघरात सगळ्यांच्या पँटी आहेत. दर ऑगस्टमध्ये तो 'यंदा शेवटची' म्हणून एक घेतो. ऑगस्टमध्ये, कारण उकाड्यात घालून बघितल्याशिवाय लोकर टोचते की नाही हे कळत नाही, असं त्याचं म्हणणं. अंगणात गवत कापणारा, कमरेवर उघडा आणि खाली हिमालयाची तयारी केलेला गृहस्थ दिसला की आमच्या भागात नवीन राहायला आलेले लोक मुलांना घरात बोलावतात.

तळघराची व्यवस्था हा स्वतंत्र विषय आहे. लोकरीला कसर लागते. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात, तर त्यांचा वास हरणाला कोसभरावरून येईल. म्हणून सीडरच्या लाकडाची पेटी. पण सीडरचा वासही वासच, तेव्हा हंगामाच्या आधी पँटी बाहेर झाडाला टांगायच्या. झाडाला टांगल्या की पक्षी. धुवायच्या गार पाण्यात, बिनवासाच्या साबणाने. साध्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून काही द्रव्यं घालतात, आणि निळ्या-जांभळ्या बाजूचा उजेड हरणाला आपल्यापेक्षा चांगला दिसतो. नारिंगी रंगाने हरीण बिचकत नाही, पण तुमच्या धुलाईने बिचकू शकतं. एकदा बायकोने चांगुलपणाने त्याची पँट गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये टाकली. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते उष्णतेत आणि घुसळण्यात एकमेकांत अडकून बसतात. पँट आटली, आणि आटून इतकी घट्ट झाली की आता ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. त्या घरातल्या सगळ्या आठवणी ड्रायरपूर्व आणि ड्रायरोत्तर अशा विभागल्या गेल्या आहेत.

त्याच्या तत्त्वज्ञानाला एकच गालबोट आहे: त्याचा मेहुणा. मेहुणा निळी जीन्स घालून शिकारीला येतो. सुती जीन्स! सुती कपडा ओला झाला की अंगातली ऊब खेचून घेतो, सुताने जंगलात माणसं मेली आहेत, हे लोकरनाथाने त्याला कोष्टकं काढून समजावलं. मेहुणा मान डोलावतो, नऊ वाजता उठतो, ब्रँडी ओल्ड-फॅशनडचा उरलेला घोट संपवतो, गाडीपासून हाकेच्या अंतरावर उभा राहतो, हरीण मारतो आणि भिजायच्या आत केबिनमध्ये परत येतो. दर वर्षी.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, बिनबंदुकीचा प्रेक्षक म्हणून. पहाटे बॅटरीच्या उजेडात लोकरनाथ केबिनबाहेर आला तो वर नारिंगी कोट, नारिंगी टोपी, खाली बूट, आणि मध्ये नुसता पांढरा थर्मल. पँट पाठीवर गुंडाळून बांधलेली. चालताना घाम नको म्हणून पँट मचाणाखाली पोचल्यावर घालायची, ही त्याच्या इतक्या वर्षांच्या संशोधनाची परिणती. आणि खरं सांगायचं तर ती शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. वाटेत वनखात्याच्या वॉर्डनची गाडी थांबली. वॉर्डनने आधी वर बघितलं, मग खाली बघितलं, मग परवाना बघितला. कमरेवर सगळं कायदेशीर होतं. "गुड लक," एवढंच म्हणून तो गेला, पण गाडी बराच वेळ फार हळू चालली होती.

लोकरनाथाने हरीण मारलेलं नाही असं नाही. भिंतीवर एक मुंडकं आहे. मी विचारलं, शिंगांना टोकं किती? त्याला मान वर करून मोजावी लागली. पण त्या दिवशी अंगावर कुठली पँट होती, पाऊस कधी सुरू झाला, गुडघ्यापर्यंत ओल किती वाजता पोचली आणि मांडीपर्यंत का पोचली नाही, हे त्याने घड्याळाच्या हिशेबात सांगितलं. गोष्ट संपत आली तरी गोळी सुटेना. शेवटी मीच विचारलं. "हो, मग तो आला," तो म्हणाला, "आणि बघ, तोपर्यंत पाणी शिवणीतून आत गेलंच नव्हतं."

गेल्या वर्षी माझ्या तोंडून घोंगड्याचा विषय निघाला. आमच्याकडचे धनगर दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचं घोंगडं वापरतात, सनगर ते मागावर विणतात, चिंचोक्याची खळ लावतात, आणि आषाढातल्या पावसात त्याची खोळ डोक्यावर घेऊन माणूस मेंढरांमागे दिवसभर उभा राहतो, हे मी सांगत असताना तुम्ही त्याचा चेहरा बघायला हवा होता. चिंचोक्याची खळ! त्याने चिंच कशी असते ते बघितलं, चिंचोका बघितला, आणि मी सुट्टीत गावी जाताना घोंगडं आणायचं म्हणून मला बजावून सोडलं. मामाने आटपाडीहून एक काळं घोंगडं मिळवून दिलं. लोकरनाथाने ते ऑफिसच्या पार्सलच्या काट्यावर ठेवलं, वार मोजले, भागाकार केला आणि आकडा बघून खुर्चीत बसला. मग गालाला लावून बघितलं. गाल लाल झाला, तरी डोळे मिटलेलेच.

"ह्यात त्यांच्या पँटी किती होतात?" त्याने विचारलं.

"एकही नाही. अंगावर घेतात. खाली धोतर, तेही गुडघ्याच्या वर खोचलेलं. पाय उघडेच."

"पावसात?"

"पावसात तर उघडेच. ओल्या धोतरात चालता येत नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. घोंगडं घडी करून टेबलाखाली ठेवलं, जेवायला गेला, परत आला, मीटिंगला बसला. मीटिंग अर्ध्यावर असताना त्याने माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली. मी उलगडली. त्यांच्या पायात काय असतं, असं लिहिलं होतं. मी खाली 'वहाणा' लिहून परत दिली. चिठ्ठी लगेच फिरून आली, वहाणेच्या शेजारी एका पायाचा तळवा काढलेला, आणि बाजूला बाण दाखवून प्रश्न: 'चामड्याची जाडी?'